आतषबाजीकडे पाठ

माझ्या लग्नात अक्षता पडायच्या ऐन वेळी मांडवाच्या मागच्या बाजूने आवाज आला, "बठा." आवाज काही फार मोठा नव्हता, पण त्यात अशी काही जरब होती की आमच्याकडची निम्मी वऱ्हाडी मंडळी मुठीत अक्षता धरून गपकन खाली बसली. मुलीकडचे उभे, मुलाकडचे बसलेले. गुरुजी घोटाळले. माझ्या सासऱ्यांना वाटलं, खानदेशात ही पद्धत असेल, म्हणून मान राखायला तेही बसले, आणि त्यांच्यामागोमाग मुलीकडचे सगळे. शेवटी उभे राहिलो ते आम्ही दोघं आणि अंतरपाट धरणारे दोघं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आजही म्हणते की पळून जायला तीच वेळ उत्तम होती, सगळे बसलेले होते, कोणी धरलं नसतं.

तो आवाज माझ्या मामाचा. माणसं एकदम उठून उभी राहिली की त्याच्या तोंडून ते आपोआप निघायचं. बसमधून उतरताना, सिनेमा सुटताना, पंगत उठताना, कुठेही. "बठा." आमच्या अहिराणीत 'बसा' म्हणायची ही रीत. त्याचं कारण साधं होतं. मामाचं गाव खानदेशात, तापीच्या अगदी काठावर, आणि त्याच्या वडिलांची तिथे नाव चालायची. या काठाची माणसं त्या काठाला न्यायची. शेळ्या, सायकली, नवरदेव, सगळं त्याच नावेतून. नावेत एक माणूस उठला की चार उठतात, चार एका अंगाला आले की नाव कलते. मामा लहानपणापासून हे एकच शिकला होता, की माणूस बसलेला असेल तोवर बरा.

पुढे नदीवर पूल झाला. नाव काठावर उलटी घालून ठेवली गेली आणि मामा गावातल्या इतरांसारखा सुरतेला आला. पांडेसऱ्यात एका प्रोसेस हाउसमध्ये जेट मशीनवर लागला. जेट म्हणजे कापड उकळत्या रंगात फिरवणारं मोठं पिंप. बमरोलीत पाच-सहा जणांनी मिळून घेतलेली खोली होती, ज्याची पाळी असेल तो कामावर, बाकीचे झोपलेले. मामी गावीच राहिली, कारण सासू म्हातारी होती आणि खोलीत बाईमाणसाला जागाच नव्हती. मामाचे हात मनगटापर्यंत रोज वेगळ्या रंगाचे असायचे. माझ्या लग्नाच्या फोटोत ते पोपटी आहेत. सुनंदाच्या माहेरी अजून विचारतात, हात हिरवे असलेले ते पाहुणे बरे आहेत ना.

सुरतेत येऊन त्याने पहिली ओळख काढली ती नदीची. सुट्टीच्या दिवशी आम्ही, म्हणजे सुरतेतच राहणारे मी आणि घरचे, बाजारात जायचो, तो कॉजवेच्या, म्हणजे नदीवरच्या बांधवजा बुटक्या पुलाच्या, खालच्या अंगाला जाऊन बसायचा. मी विचारलं, तिथे काय आहे. तो म्हणाला, "आपल्या गावावरूनच येतं ना हे पाणी. सासरी आलेल्या गावच्या पोरीला भेटून यावं, तसं." तिथेच त्याला कानजीभाई भेटले. कानजीभाई मच्छीमार, तोंडात सदैव तंबाखू, मालकीच्या पाच-सात होड्या. दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नव्हती, पण दोघंही होडीला हात लावायचे तेव्हा एकसारखाच लावायचे, त्यामुळे जमलं. बाकीच्या सुरतेला मामा जेटवाला म्हणून माहीत होता. नदीवर तो होडीवाला झाला.

मग एका दिवाळीत नदीकाठच्या सोसायट्यांनी ठरवलं की पाडव्याच्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून नदीच्या मधोमध तराफा उभा करायचा आणि त्यावरून आतषबाजी करायची. काठावर माणसं, पुलावर माणसं, आणि ज्यांना हौस त्यांनी होडीतून बघायचं. होड्या कानजीभाईंच्या. नेमका कानजीभाईंचा पाय मुरगळला, म्हणून त्या लांब ठेवायचं आणि राखायचं काम आलं मामाकडे. मामा इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. जेट मशीनवर कोणी त्याला 'तुमच्या मनाने करा' असं म्हटलेलं नव्हतं.

त्याने मनाने केलं. तराफ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे समुद्राकडच्या बाजूला, बऱ्याच अंतरावर एक रिकामं पिंप नांगर टाकून तरंगत उभं केलं. त्या पिंपाला पहिली होडी, पहिलीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशी माळ बांधली. त्याचा हिशोब असा की चुकून दोर सुटला तरी वाहतं पाणी होड्यांना आगीपासून लांबच नेणार. आणि माळेतली सर्वांत लांबची, सर्वांत सुरक्षित होडी त्याने बहिणीला दिली, म्हणजे माझ्या आईला. आईबरोबर मी, सुनंदा आणि आमचे शेजारी, आणि वल्ह्यावर मामा स्वतः. मामा म्हणाला, "आक्का, तू मागे बस. तुझ्यापर्यंत ठिणगी यायची नाही." मी पोहू शकत नाही हे त्याला माहीत होतं. त्याने माझ्या तरंगायच्या जॅकेटचे बंद स्वतः आवळले, इतके की मी आतषबाजी संपेपर्यंत अर्धाच श्वास घेत होतो.

दिवेलागणीनंतर सुरू झालं. पहिला गोळा वर गेला, फुटला, आणि अख्खी सुरत 'आहाहा' म्हणाली. आमच्या होडीतले शेजारी उठले. "बठा." बसले. दुसरा फुटला. मी मान वर करून बघत होतो आणि मनात म्हणत होतो की मामा असावा तर असा, फुकटात पहिल्या वर्गाची जागा. तेवढ्यात लक्षात आलं, गोळे मघाशी समोर फुटत होते, आता डोक्यावर फुटायला लागले होते. मला वाटलं, वारा असेल.

मामाने पाण्यात हात घातला. तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, शेजारच्याला आपल्या घरची भानगड सांगावी तसा म्हणाला, "नदी उलटी वाही राह्यनी, भो."

खानदेशात तापी एकाच बाजूला वाहते. जन्मभर, बापजन्मापासून, पूर्वेकडून पश्चिमेकडे. सुरतेला कॉजवेच्या खाली तिच्यात समुद्राची भरती शिरते आणि मग ती मागे वळते, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मामा सुट्टीच्या दिवशी सकाळी तिच्याकाठी बसायचा. पाणी कधी वर दिसायचं, कधी खाली. त्याला वाटायचं, वरच्या धरणातून सोडलं असेल. दिवाळीची अमावास्या कालच झालेली, म्हणजे भरती पूर्ण जोरात. त्या पाण्याने आमची माळ पिंपाभोवती सावकाश फिरवली आणि तोंड वळवलं थेट तराफ्याकडे. जी होडी सगळ्यांत लांब होती ती आता सगळ्यांत पुढे होती. तीत मी, माझी बायको, माझी आई.

अडकणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. होडी होडीला बांधलेली, म्हणून एकीला वल्हं मारून निघता येईना. उभं राहावं तर होडी कलणार. पाण्यात उडी मारावी तर जॅकेट तरंगवणार, पण पाणी त्याच तराफ्याकडे नेणार. तराफ्यावरची माणसं वाती एकमेकींना जोडून काठावर निघून गेलेली, त्यामुळे थांबवायला कोणी नाही. काठावरून कानजीभाई काठी हलवत ओरडत होते, पण आवाज येत नव्हता, आणि लोकांना वाटत होतं की म्हाताऱ्याला फार मजा येतेय. पुलावरचे लोक टाळ्या वाजवत होते. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर कोणत्या देवाचं ते ठरेना. सुनंदाने माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच आपणहून धरला असेल. पण जॅकेटमुळे मला धड तिच्याकडे वळताही येत नव्हतं.

ठिणग्या पडायला लागल्या. आईच्या अंगावर आमच्याच मिलमधली साडी होती, फोल्डिंगमध्ये, म्हणजे माझ्या घड्या घालायच्या खात्यात, डाग पडला म्हणून मला स्वस्तात मिळालेली. पॉलिस्टरच ते. ठिणगी पडली की जळत नाही, वितळून चिकटतं. पदराला भोक पडलं तशी आईने तो पाण्यात बुडवला आणि डोक्यावरून घेतला. मामा माळेची गाठ सोडवत होता, पण ती त्याच्या गावची गाठ, जितकं ओढावं तितकी घट्ट होणारी. "चाकू कोणाकडे आहे?" कोणाकडे नव्हता. दिवाळीला नवे कपडे घालून होडीत बसायला चाकू घेऊन कोण येतं? मी खिसे चाचपले. माझ्या खिशात कंगवा होता.

आईने कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून सुपारीचा अडकित्ता काढून भावाच्या हातात दिला.

नायलॉनचा दोर अडकित्त्याने कापणं म्हणजे काय ते मी सांगू शकत नाही. एक एक पेड कातरत मामा वाकून बसला, आमच्यावर आडवा, आणि वरून जे पडत होतं ते त्याच्या पाठीवर पडत होतं. दोर तुटला. त्याने वल्हं मारून आमची होडी आडवी काढली, वाटेत शेजारच्या होडीच्या दोराला अडकित्ता लावला, मग तिच्या पलीकडच्या. त्या त्या होडीवाल्याने आपापली होडी काठाकडे नेली. कोणाला काही झालं नाही. मामाचा टेरिकॉटचा सदरा मात्र खांद्याखाली कातडीला चिकटला होता. तो डाग मग कायम राहिला.

काठावर कानजीभाई काठी टेकत आले. मला वाटलं मारतात. त्यांनी मामाच्या पाठीकडे बघितलं, नदीकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे भाई, आ तापी छे, पण तारा गामनी नथी. अहीं दरियो पण आवे." तापीच आहे, पण तुझ्या गावची नाही, इथे समुद्रही येतो. मामा तुटके दोर गोळा करत राहिला. घरी आई त्याच्या पाठीला खोबरेल लावत होती तेव्हा म्हणाला, "मले वाटे, नदीले मी वळखस." मला वाटायचं, नदीला मी ओळखतो. एवढंच.

पण त्या दिवसापासून तो दोरमामा झाला. आधी घरची पोरं म्हणायला लागली, मग काठावरची, मग कानजीभाईसुद्धा. पुढच्या वर्षी आयोजकांनी दुसरा माणूस बघितला होता. मामा त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलेला माणूस ठेवा. न चुकलेल्याला कुठे चुकायचं ते माहीत नसतं." त्यांना ते पटलं, का दुसरा माणूस गावी जाणार होता, हे मला माहीत नाही. काम त्यालाच मिळालं.

आता त्याने नदीचा पिच्छाच पुरवला. गुजराती पंचांग आणलं. कोणत्या तिथीला पाणी केव्हा चढतं हे कानजीभाईंना विचारून विचारून त्यांना हैराण केलं. मिलमधलं सूत काठीला बांधून वारा बघायला लागला. होड्या कधी एकमेकींना बांधल्या नाहीत, प्रत्येकीचा दोर वेगळा आणि गाठ अशी की एका झटक्यात सुटावी. एक होडी कायम रिकामी, कोणी पाण्यात पडलं तर काढायला. शेवटचा गोळा फुटला तरी लगेच कोणी हलायचं नाही, कारण न फुटलेला एखादा पाण्यावर तरंगत असतो. तराफा तपासायला गेलेल्या माणसाचा हिरवा दिवा दिसेपर्यंत सगळ्यांनी जागीच. आणि कमरेला आईचा तो अडकित्ता. आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही या माणसाने.

कपड्यांचा नियम तर इतका कडक की विचारू नका. होडीत पाय ठेवायच्या आधी मामा प्रत्येकाची बाही चिमटीत धरून बघायचा. सुती असेल तर आत, नसेल तर काठावर. ज्या गावाने अख्ख्या देशाला पॉलिस्टर नेसवलं त्या गावात हा माणूस जरीकाठाच्या साड्या नेसून आलेल्या बायकांना परत पाठवत होता. एका शेठाणीने विचारलं, "तमे कोण छो?" हा म्हणाला, "मी पॉलिस्टर रंगवतो, ताई. म्हणून सांगतो." सुनंदाने तेव्हापासून पाडव्याला नवी साडी घेणं सोडलं. तिची एक जुनी सुती साडी आमच्या घरात 'आतषबाजीची साडी' म्हणूनच ओळखली जाते.

आणि एक. तो आतषबाजीकडे पाठ करून बसायचा. पुढच्या टोकाला, तोंड आमच्याकडे, नजर पाण्यावर आणि माणसांवर. मागे सगळं आभाळ लाल-हिरवं होत असायचं आणि मामा आमचे चेहरे बघत असायचा. मी एकदा म्हटलं, "मामा, एक तरी बघ." तो म्हणाला, "दिसतं मला. तुझ्या नाकावर आत्ता निळं आहे." इतक्या वर्षांत त्याने एकही गोळा फुटताना पाहिला नाही.

या सगळ्यात एक माणूस विसरलं जात होतं. पांडेसऱ्यातली मशीनं वर्षातून एकदाच खऱ्या अर्थाने थंड होतात, ती दिवाळीला. तेव्हा उधना स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते, सगळा खानदेश गावी निघतो. बायकोबरोबर राहायचे मामाचे तेवढेच दिवस. आणि आतषबाजी नेमकी पाडव्याला. ज्या संध्याकाळी आपल्याकडे बायको नवऱ्याला पाटावर बसवून ओवाळते, त्या संध्याकाळी मामी गावी आणि मामा पिंपावर. दर नवरात्रात तो म्हणायचा, यंदा नक्की जातो. दर दिवाळीत मामीचा फोन यायचा. फोन आमच्या घरी, स्पीकरवर, कारण मामाला तसाच ऐकू यायचा. त्यामुळे आम्हा सगळ्यांना तो पाठ आहे.

"फटाका तुम्ही फोडतस का?"

"नही."

"इझाडतस का?" विझवता का.

"नही."

"मंग करतस काय?"

"लोकेसले बठाडस." लोकांना बसवतो.

मग मामी म्हणायची, "दोर दुसऱ्याच्या हातात द्या एकदा." आणि मामाचं ठरलेलं उत्तर, "कोना हातमा देऊ?" यावर माझ्या आईने एकदा फोन ओढून घेतला आणि भावाला म्हणाली, "नदीने तुला एकदा सोडलं तर तू तिला धरून बसलास." मामा उठला आणि खिडकीबाहेर लावलेली सुताची काठी बघत उभा राहिला. हौस असती तर मी त्याला समजावलं असतं. ती हौस नव्हती. तो त्या पिंपाला बांधलेला होता, आणि गाठ त्याच्याच गावची होती.

मामाची आई, म्हणजे माझी आजी, गेली, त्याच्या पुढच्या दिवाळीत मामी न सांगता सुरतेला आली. पाडव्याच्या दुपारी थेट आमच्या दारात. हातात पिशवी, अंगावर पातळ सुती लुगडं. आईने विचारलं, "त्याला कळवायचं का?" मामी म्हणाली, "नको. कळलं तर कामाला लवकर जातील." संध्याकाळी ती आमच्याबरोबर काठावर आली. मामा बाह्या तपासत होता. मामीची बाही चिमटीत धरली, सुती आहे म्हणाला, आणि मग वर बघितलं. तेव्हाही त्याने "बठा" एवढंच म्हटलं. मामी बसली. त्याच्या अगदी समोर.

दोर लागला, पहिला गोळा वर गेला. आता हिरवा दिवा दिसेपर्यंत कोणीही कुठे जाऊ शकत नव्हतं, तोही नाही. मामी हे सगळं विचार करून आली होती. तिने पिशवीतून ताट काढलं. हळद-कुंकू, सुपारी, अक्षता आणि तूपवातीचं निरांजन. मामाने तिचा हात धरला. "होडीत आग नही." "पाडवा शे आज," मामी म्हणाली. "होडीत आग नही." शेजारच्या होडीतला माणूस मागे वळून बघायला लागला, इकडे आभाळात काय चाललंय याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मामीने काडेपेटी पिशवीत परत ठेवली. मग न पेटवलेलं निरांजन ताटात तसंच ठेवून तिने मामाला ओवाळलं. प्रत्येक गोळा फुटला की ताट उजळायचं, मामाचा चेहरा उजळायचा, मग पुन्हा अंधार. मामा जागचा हलला नाही. नजर पाण्यावर होती, पण त्या दिवशी नजर पाण्यावर आहे म्हणजे काम चालू आहे, असं मला वाटलं नाही.

ओवाळून झाल्यावर मामी बोलायला लागली. इतक्या वर्षांचं साठलेलं, अहिराणीत, सावकाश, मध्ये गोळा फुटला की थांबून. आम्हाला कान बंद करता येईनात की उठता येईना. सुनंदाने पदर तोंडाला लावला होता, हसतेय का रडतेय ते कळेना. शेवटी मामी म्हणाली, "पुढच्या वर्षी दोर दुसऱ्याच्या हातात."

"कोना हातमा देऊ?"

"हा आहे की बाळू. काय करतो तो, बसूनच असतो."

बाळू म्हणजे मी. वय पन्नाशीकडे, पोहता येत नाही, फोल्डिंग खात्यात कारकुनी. मी 'मामी, ऐक तर' म्हणत अर्धवट उठलो. मामा आणि मामी एकदम म्हणाले, "बठा." मी बसलो. होडीत निर्णय असे होतात.

वर्षभर मामाने मला पंचांग शिकवलं. सूत कसं बांधायचं, पाण्यात हात किती वेळ धरायचा, उलटं पाणी बोटांना आधी कुठे लागतं. मी मनापासून शिकलो नाही, पण धाकाने शिकलो. दिवाळी आली आणि तो खरोखर गेला. उधना स्टेशनवर गर्दीत खिडकीतून हात बाहेर काढून त्याने अडकित्ता माझ्याकडे दिला. गाडी हलली तरी सांगत होता, "आधी वारा बघ, मग माणसं घे." पाडव्याच्या संध्याकाळी त्याचा फोन इतक्या वेळा आला की मी तो सुनंदाच्या हातात देऊन ठेवला. दर वेळी एकच प्रश्न, "पानी चढनं का?" सुनंदा सांगायची, "चढतंय मामा, यांनी हात घातलाय." हिरवा दिवा दिसला तेव्हा तिने त्याला कळवलं. पलीकडून मामीचा आवाज आला, "आता ठेवा तो फोन."

तो परत आला नाही. जेटवरची नोकरी तशीही संपत आली होती, गावीच राहतो म्हणाला. उन्हाळ्यात एका दुपारी नदीवर जाऊन आला, सावलीत आडवा झाला, आणि उठलाच नाही. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे हात बघितले. सुरतेचा रंग पार निघून गेला होता, हातांची कातडी कशी आहे ते मी पहिल्यांदा पाहत होतो.

दिवस झाल्यावर मामी माझ्याशेजारी येऊन बसली आणि त्या पाडव्याचं सांगायला लागली. "फोन ठेवल्यावर मी त्यांना पाटावर बसवलं. ह्या वेळी निरांजन पेटवलं. ओवाळायला घेतलं, तेवढ्यात समोरच्या पोरांनी भुईनळा लावला. आणि तुझे मामा पाटावरून उठले, बाळू. ताट माझ्या हातात तसंच. अंगणात जाऊन, तोंड वर करून, तो विझेपर्यंत बघत उभे राहिले. मग पोरांना म्हणाले, अजून आहे का रे एक? मी म्हटलं, बठा. तर ऐकलंच नाही."

आता दर पाडव्याला दोर माझ्याकडे असतो. एक-दोनदा सोडायचा विचार केला. सुनंदाला माहेरी जायचं असतं, मलाही कोणी तरी पाटावर बसवावं असं वाटतं. आयोजक म्हणतात, तुमच्या जागी माणूस द्या आणि जा. मी नजर फिरवतो, एक पोरगा तराफ्याकडे फोन धरून उभा असतो, एक जण टेरिकॉट घालून आलेला असतो. द्यायचा कोणाला?

गेल्या पाडव्याला सुनंदा समोर बसली होती, त्याच आतषबाजीच्या साडीत. माझ्या मागे काहीतरी फार मोठं फुटलं असावं, कारण तिचा अख्खा चेहरा सोनेरी झाला. काठावरचा गलका पाण्यावरून येत राहिला. ती म्हणाली, "अहो, एकदा तरी वळून बघा. असं पुन्हा दिसायचं नाही."

मी हात पाण्यात घातला होता. बोटांच्या टोकांना गार लागत होतं, समुद्राकडून. मी म्हटलं, "थांब, पाणी चढतंय."